दियत्रेफसाने दार का लावले? योहानाच्या तिसऱ्या पत्रातील आतिथ्य आणि पुढारीपण

मंडळीवाचक (प्रश्न)

आमच्या मंडळीच्या अभ्यासगटात सध्या नव्या करारातील लहान पत्रांचे वाचन चालू आहे आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रापाशी आमची चर्चा अडली आहे. मूळ ग्रीकमध्ये हे पत्र जेमतेम २२० शब्दांचे, म्हणजे संपूर्ण नव्या करारात सर्वांत लहान; परंतु त्यातील वाद मात्र कोणत्याही मंडळीला परका वाटणार नाही असा आहे. स्वतःचे नाव न सांगता केवळ ‘वडील’ (म्हणजे मंडळीतला ज्येष्ठ पुढारी) म्हणून लिहिणारा लेखक गायस नावाच्या मित्राची प्रशंसा करतो, कारण सुवार्तेसाठी बाहेर पडलेल्या आणि गायसाच्या ओळखीच्याही नसलेल्या बंधूंची त्याने प्रेमाने सोय केली; पुढच्या प्रवासासाठीही त्यांना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेला लावावे, अशी तो विनंती करतो. लगेच त्यानंतर दियत्रेफसाचे नाव येते. मंडळीत पहिला मान आपलाच असावा असे वाटणारा हा मनुष्य वडिलाचे म्हणणे मानत नाही, त्याच्याविषयी वाईटसाईट बोलतो, आलेल्या बंधूंना घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांनाही अडवून मंडळीबाहेर घालवतो.

उपदेशात दियत्रेफस हा गर्विष्ठ पुढाऱ्याचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि विषय तेथेच संपतो. माझी अडचण त्यापुढची आहे. योहानाचे दुसरे पत्रही ‘वडिलाचे’च आहे आणि दोन्ही पत्रे एकाच हातची असावीत असे सहसा मानले जाते. त्या पत्रात तर स्पष्ट सांगितले आहे, की जो हे शिक्षण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका आणि त्याचे स्वागतही करू नका. मग अनोळखी लोकांना दार न उघडणारा दियत्रेफस कदाचित हाच नियम पाळत असेल, असे का मानू नये? आपल्याकडे एकाच बाजूचे पत्र शिल्लक आहे. शिवाय त्याचा अधिकार कसला होता हेही कळत नाही. तो नेमलेला अध्यक्ष होता, की ज्याच्या घरी मंडळी जमत असे तो घरमालक? पहिल्या दोन-तीन शतकांतील इतर लेखनाच्या आधारे कोणी याचा उलगडा केल्यास आमच्या गटाला फार उपयोग होईल. केवळ नम्रतेचा बोध नको आहे. त्या काळी पाहुणा, घर आणि पुढारीपण यांचा संबंध प्रत्यक्षात कसा होता, हे समजून घ्यायचे आहे.

पत्राभ्यासी

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर शोधताना आधी प्रवासाची आणि घराची परिस्थिती डोळ्यांसमोर आणावी लागते, कारण आज आपण ज्याला पाहुणचार म्हणतो तो बहुधा सौजन्याचा भाग असतो आणि त्या काळी तो सुवार्ताप्रसाराचा कणा होता.

रोमी साम्राज्यात रस्ते चांगले होते, समुद्रमार्गही चालते होते. पण वाटेवरच्या खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा बदनाम होत्या. घाण, चोरी आणि वेश्याव्यवसाय यांसाठी त्या काळच्या लेखकांनी त्यांची वारंवार निंदा केली आहे. ज्याला शक्य असे तो प्रवासी ओळखीच्या किंवा ओळखीच्याने शिफारस केलेल्या घरी उतरत असे. ख्रिस्ती प्रवाशांनीही हीच रीत उचलली. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने पौलाला आग्रहाने आपल्या घरी नेले. करिंथ येथे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्याने तंबू बनवण्याचे काम केले. रोमकरांस पत्राच्या अखेरीस किंख्रियेच्या फिबीसाठी तो शिफारस लिहितो. फिलेमोनाला तर तो आपल्यासाठी बिऱ्हाड तयार ठेवायला सांगतो. ‘वाटेला लावणे’ म्हणजे दारापर्यंत जाऊन निरोप देणे नव्हे. त्यात शिधा, वाटखर्च आणि गरज असेल तर सोबत, एवढे सगळे येत असे. हे बंधू परराष्ट्रीयांकडून, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांकडून, काही घेत नाहीत, असे वडील मुद्दाम लिहितो. म्हणजे मंडळीतल्या घरांनी दार लावले तर त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट घराची. इ.स. पहिल्या शतकात मंडळीची स्वतंत्र इमारत नव्हती. पूजेसाठी कायमचे रूपांतर केलेले आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने घर सिरियातील दुरा-युरोपस येथे सापडले, आणि ते इ.स. २४०च्या सुमाराचे आहे. त्याआधी मंडळी जमे ती कोणाच्या तरी घरी, आणि ज्याचे घर थोडे मोठे त्याच्यावर साहजिकच यजमानपण येई. यजमान जेवण देई, दिवाबत्ती पाही, आलेली पत्रे त्याच्याच घरी वाचली जात. अशा माणसाला कोणी पद दिलेले नसले तरी त्याच्या हातात काय नव्हते? माझ्या मते दियत्रेफसाला समजून घ्यायची किल्ली येथे आहे. त्याच्या घरी मंडळी जमत असेल, तर कोणाला ‘मंडळीबाहेर घालवणे’ म्हणजे त्याला आपल्या दारातून आत न येऊ देणे, आणि त्यासाठी कोणत्याही पदाची गरज नव्हती.

अभ्यासकांमध्ये यावर जुना वाद आहे. जर्मन इतिहासकार आडोल्फ फॉन हार्नाक याने १८९७ मध्ये असे मांडले, की फिरत्या प्रचारकांच्या अधिकाराविरुद्ध उभा राहिलेला हा स्थानिक बिशप होता आणि एकट्या बिशपच्या हाती मंडळी जाण्याची सुरुवात आपल्याला येथे दिसते. एर्न्स्ट केसेमान याने १९५१ मध्ये बाजू पार उलटवली. त्याच्या मते दियत्रेफस मंडळीच्या मान्य शिक्षणाला धरून होता आणि बहिष्कृत झाला होता तो वडील. अब्राहम मॅल्हर्बी याने १९७७ मध्ये या पत्रात पदाचा किंवा शिक्षणाचा वाद शोधणेच सोडून द्यावे आणि आतिथ्याच्या व्यवहाराकडेच पाहावे, असे सुचवले. मला हे तिसरे मत सर्वाधिक पटते.

आता आपल्या मुख्य शंकेविषयी. दुसऱ्या पत्रात दार लावायला सांगितले आहे त्याचे कारणही तेथेच दिले आहे: येशू ख्रिस्त देहाने आला हे न मानणारे फसवे लोक फिरत आहेत. तिसऱ्या पत्रात दियत्रेफसावर वडील बरेच आरोप करतो, पण चुकीच्या शिक्षणाचा आरोप करत नाही. जो लेखक इतरत्र खोट्या शिक्षणाला खोटे म्हणायला मुळीच कचरत नाही, त्याने येथे ते हत्यार हाती घेतलेले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तसेच, दियत्रेफसाने या बंधूंच्या शिक्षणावर आक्षेप घेतल्याचाही उल्लेख नाही. वाद शिक्षणाचा असता तर वडिलाला तो बंधूंच्या बाजूने खोडून काढावा लागला असता. तसे काही तो करत नाही.

प्राचीनवाट

वरील विवेचनाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. परंतु दियत्रेफसाची बाजू इतक्या लवकर निकालात काढू नये, असे मला वाटते. दारात आलेला प्रत्येक ‘बंधू’ खरोखर बंधू असे नव्हते आणि पाहुण्याचा भार ज्या घरावर पडत असे त्याला सावध राहण्याचा अधिकार होता. याचा सर्वांत चांगला पुरावा ‘डिडाखे’ अर्थात ‘बारा प्रेषितांचे शिक्षण’ या पुस्तिकेत मिळतो. ती इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानली जाते. शतकानुशतके तिचे केवळ नाव ठाऊक होते; १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला कॉन्स्टँटिनोपल येथे १०५६ सालच्या हस्तलिखितात ती सापडली आणि १८८३ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली.

तिच्या अकराव्या ते तेराव्या अध्यायांत पाहुण्यांविषयीचे नियम इतके रोखठोक आहेत, की वाचताना कोणा अनुभवाने पोळलेल्या मंडळीनेच ते लिहिले असावेत असे वाटते. येणाऱ्या प्रेषिताला प्रभूप्रमाणे स्वीकारा. पण तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दुसरा दिवस राहील, आणि तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर त्याने घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याने बोलत असल्याचे सांगून ज्याने मेजवानी मांडायला लावली तो स्वतः तिच्यातले खाणार नाही. खाल्ले तर तोही खोटा. सामान्य प्रवाशाने दोन किंवा फार तर तीन दिवस राहावे. त्याला गावातच स्थायिक व्हायचे असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करून खावे. कसब नसेल तर मंडळीने आपल्या समजुतीप्रमाणे त्याची व्यवस्था लावावी, पण ख्रिस्ती म्हणवणारा कोणी तुमच्यामध्ये आळशी राहू नये. ज्याला हे मान्य नाही तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापार करणारा आहे, त्याच्यापासून सावध राहा.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती, हे बाहेरच्या एका साक्षीदाराकडूनही कळते. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुकियन याने पेरेग्रिनस नावाच्या तत्त्वज्ञाविषयी लिहिले आहे. हा मनुष्य काही काळ ख्रिस्ती लोकांत मिसळला, त्यांचा पुढारी झाला आणि तुरुंगात पडला, तेव्हा म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ मुले पहाटेपासून तुरुंगाच्या दाराशी बसून राहत, आणि आशिया प्रांतातील शहरांतून मंडळ्यांच्या खर्चाने लोक त्याला धीर द्यायला येत. या भोळ्या लोकांकडे कोणी चतुर ठक आला, तर तो थोड्याच दिवसांत श्रीमंत होईल, असे लुकियन म्हणतो. त्याचा हेतू खिल्ली उडवण्याचा होता हे खरे. पण ख्रिस्ती घरांची दारे किती उघडी होती याची याहून प्रामाणिक कबुली शत्रूच्या लेखणीतून मिळणे कठीण आहे.

तरीही, एवढा बचाव केल्यावर मला दियत्रेफसाच्या विरुद्धच मत द्यावे लागते. डिडाखेतील क्रम पाहावा: प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाला स्वीकारा, आणि मग पारख करून त्याला ओळखा. दार आधी उघडते, पारख नंतर होते. पारखही सर्व मंडळी करते आणि तिच्या कसोट्या सर्वांना ठाऊक असतात. तिसरा दिवस, मागितलेले पैसे, मांडायला लावलेली मेजवानी या गोष्टी कोणालाही तपासता येतात. दियत्रेफसाने कसोटी लावली नाही, मनाई केली. आणि ज्या शेजाऱ्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिठाच्या भाकरी करून पाहुण्याला घातल्या, त्यालाही शिक्षा केली. स्वतःच्या दाराची काळजी करणारा माणूस दुसऱ्याच्या दारावर पहारा बसवत नाही. येथे सावधगिरी संपते आणि सत्ता सुरू होते.

मंडळीवाचक

दोघांचेही मनापासून आभार. ‘दुसऱ्याच्या दारावर पहारा’ हा मुद्दा आमच्या चर्चेत कोणाच्याही लक्षात आला नव्हता. मात्र यातून एक नवा प्रश्न निर्माण होतो. हार्नाकचे म्हणणे बाजूला ठेवले तरी दुसऱ्या शतकात बिशपांचे अधिकार वाढले, हे तर सर्वमान्य आहे. इग्नेशियसने स्मुर्ण्याच्या मंडळीला बिशपवाचून काहीही करू नका असे बजावले, हे आम्ही वाचले आहे. मग अधिकार एका हाती गेल्यावर आतिथ्याचे काय झाले? दियत्रेफसाचीच रीत पुढे नियम बनली का?

सिरियावाचक

या प्रश्नाचे सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येणार नाही, कारण अधिकार आणि आतिथ्य या दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या हाती आल्या आणि त्यातून चांगले व वाईट दोन्ही घडले.

आपण इग्नेशियसचा उल्लेख केला. तो सिरियातील अंत्युखियाचा बिशप होता आणि दहा सैनिकांच्या पहाऱ्यात, साखळदंडांत, मृत्युदंडासाठी रोमला नेला जात होता. वाटेत स्मुर्णा येथे तेथील बिशप पोलिकार्प आणि त्याच्या मंडळीने त्याला आधार दिला. इफिस, मग्नेशिया आणि त्राल्लेस येथील मंडळ्यांचे प्रतिनिधी त्याला भेटायला तेथे आले. म्हणजे बिशपच्या अधिकाराचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता स्वतः परक्या मंडळ्यांच्या आतिथ्यावर जगत होता. त्याच वेळी, बाहेरून वाईट शिक्षण घेऊन आलेल्या काही जणांपुढे इफिसकरांनी कान बंद केले, याबद्दल तो त्यांची प्रशंसाही करतो. दार उघडणे आणि कान झाकणे या दोन गोष्टी त्याच्या लेखी विसंगत नव्हत्या.

रोमच्या मंडळीने इ.स. ९६च्या सुमारास करिंथकरांना पाठवलेले पत्र, जे क्लेमेंतच्या नावाने ओळखले जाते, ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे आणि अभ्यासगटात ते अवश्य वाचावे. करिंथ येथे काही जणांनी निष्कलंक सेवा केलेल्या वडिलांना पदावरून दूर केले होते. पत्राच्या पहिल्याच अध्यायात करिंथकरांच्या उदार आतिथ्याची ख्याती सांगितली आहे, आणि तिसऱ्या अध्यायापासून मत्सर व उद्दामपणा यांनी ती मंडळी कशी पोखरली गेली याचे वर्णन आहे. पुढे अब्राहाम, लोट आणि राहाब यांची उदाहरणे येतात. अब्राहामाला विश्वास आणि आतिथ्य यांमुळे म्हातारपणी पुत्र मिळाला, लोट आतिथ्य आणि भक्ती यांमुळे सदोमातून वाचला, राहाब विश्वास आणि आतिथ्य यांमुळे तरली. सत्तेच्या भांडणावर लिहिलेल्या पत्रात पाहुणचाराचे दाखले इतक्या आग्रहाने का यावेत? मला वाटते, ज्या मंडळीत पहिल्या जागेसाठी झगडा सुरू होतो तेथे आलेल्या माणसाकडे कोणाचेच लक्ष राहत नाही, हे रोमकरांनी ओळखले होते.

आतिथ्य ही पुढाऱ्याची कसोटीच मानली गेली होती. तीमथ्याला पहिले पत्र आणि तीताला पत्र या दोहोंत अध्यक्ष अतिथिप्रिय असावा अशी अट आहे. दुसऱ्या शतकात रोम येथे लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात, देवाच्या सेवकांना नेहमी आनंदाने आपल्या घरी घेणाऱ्या बिशपांना मानाचे स्थान दिले आहे. आणि खोट्या संदेष्ट्याची ओळख सांगताना तो स्वतःला उंचावतो, पहिली जागा मागतो, ऐषआरामात राहतो आणि मोबदल्यावाचून संदेश देत नाही, असे म्हटले आहे.

बदल घडला तो पैशाच्या व्यवस्थेत. इ.स. १५०च्या दशकात हुतात्मा जस्टिन रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो, त्यात ज्याची जशी इच्छा तसे दान जमा होऊन ते उपासना चालवणाऱ्या प्रमुखाकडे ठेवले जाते, आणि अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले मुक्कामी लोक यांची काळजी तो प्रमुख घेतो. गायसाच्या काळी पाहुणा गायसाच्या भाकरीवर जगे; आता तो समाईक निधीवर जगू लागला आणि निधीची किल्ली एका माणसाकडे राहिली. गरीब मंडळीसाठी हे वरदान होते यात शंका नाही, कारण गायसासारखे सुस्थितीतले घर प्रत्येक गावी कुठून असणार? परंतु किल्ली ज्याच्याकडे त्याच्या स्वभावावर आता बरेच काही अवलंबून राहिले.

तिसऱ्या शतकात सिरियात लिहिल्या गेलेल्या ‘डिडास्कालिया’ या नियमग्रंथात हा ताण फार स्पष्ट दिसतो. हा ग्रंथ बिशपला देवाच्या स्थानी मानायला सांगतो, इतका त्याचा अधिकार मोठा करतो. आणि तोच ग्रंथ उपासना चालू असताना कोण आले तर काय करावे, हेही सांगतो. प्रतिष्ठित मनुष्य आला तर बिशपने बोलणे थांबवून त्याच्यासाठी उठू नये. मंडळीतले कोणी तरी त्याला जागा देईल. पण गरीब पुरुष किंवा स्त्री आली, विशेषतः वृद्ध असली, आणि जागा नसली, तर बिशपने मनापासून त्यांच्यासाठी जागा करावी, मग त्यासाठी त्याला स्वतः जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायांजवळची जागा देणाऱ्यांना फटकारले आहे. त्या वचनाचे नियमात केलेले इतके सुंदर रूपांतर मला दुसरीकडे आढळलेले नाही.

त्याच प्रदेशात, त्याच शतकात, याच्या अगदी उलट उदाहरणही घडले. अंत्युखियाचा बिशप सामोसाताचा पौल याला इ.स. २६८च्या सुमारास धर्मसभेने पदच्युत केले. त्या सभेचे पत्र इतिहासकार युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासाच्या सातव्या भागात उतरवून ठेवले आहे. त्यानुसार त्याने स्वतःसाठी उंच व्यासपीठ आणि सिंहासन करवून घेतले, सरकारी अधिकाऱ्यासारखे खासगी दालन ठेवले, चौकातून पत्रे वाचत आणि मजकूर सांगत चालताना पुढे-मागे माणसांचा घोळका बाळगला, आणि उपदेश चालू असताना लोकांनी ओरडून, रुमाल हलवून वाहवा करावी अशी अपेक्षा ठेवली. पदच्युत झाल्यावरही तो मंडळीची वास्तू सोडेना, तेव्हा प्रकरण सम्राट ऑरेलियनपर्यंत गेले. इटली आणि रोम येथील बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात त्यांना ती वास्तू द्यावी, असा निर्णय सम्राटाने दिला. दियत्रेफसाने वडिलाचे पत्र धुडकावले तेव्हा कोणाला दाद मागायला जागा नव्हती. पावणेदोनशे वर्षांनी मंडळीच्या घरावरचा हक्क कोणाशी पत्रव्यवहार आहे यावर ठरला, आणि तो ठरवला मूर्तिपूजक सम्राटाने. यातले पहिले मला दुःखद वाटते आणि दुसरेही.

प्राचीनवाट

सिरियावाचक यांच्या सविस्तर उत्तरातील एका गोष्टीकडे गटाने लक्ष द्यावे. सामोसाताच्या पौलाचे वर्णन त्याला काढून टाकणाऱ्यांनीच लिहिले आहे. त्याच्यावरील मुख्य आरोप ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या शिक्षणाचा होता, आणि अशा प्रसंगी प्रतिपक्षाच्या राहणीवर चिखल उडवण्याची रीत प्राचीन जगात सर्रास होती. हीच मर्यादा योहानाच्या तिसऱ्या पत्रालाही आहे. परंतु एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. सिंहासन, रुमाल, घोळका ही वर्णने अतिशयोक्त असू शकतात. ‘जे घेऊ इच्छितात त्यांना तो मंडळीबाहेर घालवतो’ हे विधान मात्र घडलेल्या कृतीविषयी आहे, आणि ते अशा माणसाला लिहिले आहे ज्याला खरेखोटे सहज कळले असते. गायस त्याच मंडळीत नसला तरी जवळपासच राहणारा असावा. ज्याला शेजारची खबर आहे त्याला खोटी खबर लिहून वडिलाला काय मिळाले असते?

वसईवाचक

चर्चा फार आवडली. पैशाची व्यवस्था प्रमुखाच्या हाती गेल्यामुळे सामान्य घरांवर काय परिणाम झाला, याविषयी योहान ख्रिसोस्तोमची साक्ष येथे जोडतो. तो इ.स. ३९८ पासून कॉन्स्टँटिनोपलचा बिशप होता. तोपर्यंत मोठ्या शहरांत मंडळीच्या वतीने परदेशी, गरीब आणि आजारी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या होत्या. कैसरियेत तेथील बिशप बासिलने ३७०च्या दशकात उभारलेली संस्था सर्वांत प्रसिद्ध आहे. प्रेषितांच्या कृत्यांवरील पंचेचाळिसाव्या प्रवचनात ख्रिसोस्तोम आपल्या श्रोत्यांना विचारतो, की मंडळीच्या खर्चाने पाहुणे जेवले तर त्याचे पुण्य तुम्हाला कसे मिळेल? याजक प्रार्थना करतात म्हणून तुम्ही प्रार्थना करायची नाही काय? तुमच्या घरात पाहुण्यासाठी एक खोली करा, तिथे खाट, मेज आणि दिवा ठेवा, आणि ती ख्रिस्ताची खोली आहे असे म्हणा, असा त्याचा आग्रह आहे.

हे बोलणारा स्वतः बिशप आहे आणि धर्मशाळा त्याच्याच अधिकाराखाली चालत होत्या, म्हणून या शब्दांना मी विशेष वजन देतो. दियत्रेफसाने लोकांच्या घरांची दारे धाक घालून बंद केली. ख्रिसोस्तोमच्या काळी कोणीही धाक घातला नव्हता. संस्था आहे, तिथे जा, असे म्हणून लोकांनी ती आपणच लावून घेतली होती, आणि त्यांना ती पुन्हा उघडायला सांगणारा त्यांचा पुढारी होता. आमच्याकडच्या चर्चमध्ये यावर बोलताना दोष नेहमी पुढाऱ्यांवरच टाकला जातो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

मंडळीवाचक

एक शेवटची शंका. एवढा अन्याय दिसत असताना वडिलाने दियत्रेफसाला काढून टाकण्याचा आदेश का दिला नाही? तो प्रेषित योहान असेल, किंवा प्रेषितांच्या पिढीतला आदरणीय पुढारी असेल, तर त्याचा शब्द मंडळीने मानला असताच ना?

पत्राभ्यासी

पत्रात तसा आदेश नाही, ही गोष्ट माझ्या मते त्याच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष आहे. त्याने आधी मंडळीला लिहिले होते. ते पत्र दियत्रेफसाने मानले नाही. आता तो काय करतो? आपण आलो तर दियत्रेफसाच्या कृत्यांची आठवण करून देऊ, म्हणजे गोष्ट सर्वांसमोर बोलू, एवढेच तो सांगतो. दियत्रेफसाविरुद्ध गट उभा करायला तो गायसाला सांगत नाही. प्रत्युत्तर म्हणून दियत्रेफसाच्या माणसांना दारातून परतवायलाही सांगत नाही. ‘वाइटाचे नव्हे, तर चांगल्याचे अनुकरण कर’ या अर्थाचे एक वाक्य लिहून तो थेट देमेत्रियाकडे वळतो आणि त्याच्याविषयी सर्वांची, सत्याची आणि आपली स्वतःची साक्ष देतो. हा देमेत्रिय बहुधा हे पत्र घेऊन आलेला मनुष्य होता. म्हणजे पत्र वाचले जात असताना तो गायसाच्या दारातच उभा असणार.

मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, पण तुमच्यामध्ये तसे नसावे. वडिलाला हे वचन ठाऊक होते की नव्हते यावर वाद घालता येईल. त्याचे वागणे मात्र त्याला धरून आहे. आदेश देऊन दियत्रेफसाला काढले असते, तर पाहुण्यांना घेणारी घरे आणि न घेणारी घरे यांचा निर्णय पुन्हा एका माणसाच्या शब्दावर गेला असता, फक्त माणूस बदलला असता. त्याऐवजी त्याने एका घराला विनंती केली. आणि ही विनंती स्वस्त नव्हती. गायस दियत्रेफसाच्या मंडळीतला असेल, तर देमेत्रियाला आत घेताच त्याच्यावरही बाहेर जाण्याची पाळी येणार होती, आणि हे त्याला कळावे म्हणून वडिलाने दहाव्या वचनात, देमेत्रियाचे नाव घेण्यापूर्वीच, दियत्रेफस पाहुणे घेणाऱ्यांचे काय करतो ते स्वच्छ लिहून ठेवले आहे.